मुदतीची अहिंसा

पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम सांगून झाल्यावर लगेच पुढचे सूत्र त्यांना एक कठोर अट घालते: जाति, देश, काल आणि समय या चारांपैकी कोणत्याही मर्यादेने जे खंडित होत नाही, तेच महाव्रत. या सूत्रावरचे व्यासभाष्य साधारणतः इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातले मानले जाते, आणि मर्यादित अहिंसेची उदाहरणे देताना ते सर्वप्रथम मासे धरणाऱ्याकडे वळते. तो माशांचीच हिंसा करतो, इतर कोणाची नाही. म्हणून त्याची अहिंसा ‘जात्यवच्छिन्न’, म्हणजे जातीच्या, व्यवसायाच्या कुंपणाने वेढलेली. तीर्थक्षेत्री मारणार नाही असे म्हणणाऱ्याची अहिंसा देशाने वेढलेली, चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही असे म्हणणाऱ्याची काळाने वेढलेली, आणि देवाब्राह्मणांच्या कारणासाठीच मारीन, एरवी नाही, असे म्हणणाऱ्याची ‘समया’ने, म्हणजे विशिष्ट प्रसंगाच्या अटीने वेढलेली. भाष्यकार या चौघांची निंदा करत बसत नाही, पण महाव्रताच्या उंबऱ्याच्या आत मात्र त्यांतल्या कोणालाच घेत नाही.

यांपैकी कालावच्छिन्न अहिंसेचा प्रश्न वरवर दिसतो त्याहून अवघड आहे. ठरावीक तिथीपुरता हात आवरणारा माणूस खरोखर काही सोडतो, की दुसऱ्या दिवशीच्या भुकेला धार लावून ठेवतो? आणि ती तिथी त्याने स्वतः निवडलेली नसून राज्यसत्तेने त्याच्यावर लादलेली असेल, तर त्या आवरण्याला व्रत म्हणावे की नाइलाज? व्रतवैकल्यांच्या ग्रंथांत याची चर्चा करता येतेच. परंतु हा प्रश्न अधिक उघडपणे तपासता यावा असे एक क्षेत्र स्कॉटलंडच्या नद्यांवर आहे, जेथे दर शरदात सॅमन माशाच्या शिकारीचा हंगाम कायद्याने ठरलेल्या तारखेला संपतो आणि गळ टाकणारे हौशी लोक पाण्यात मासे दिसत असतानाही काठ्या बांधून घरी जातात.

येथे सॅमन म्हणजे अटलांटिक सॅमन. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे, पण रावसाचे कूळ वेगळे. अटलांटिक सॅमनचा जन्म नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्याच्या खडीदार ओढ्यात होतो. तेथे तो बहुधा दोन-तीन वर्षे अंगावर उभे करडे पट्टे असलेला ‘पार’ म्हणून वाढतो, मग एका वसंतात चंदेरी होऊन ‘स्मोल्ट’ या अवस्थेत समुद्राकडे निघतो, नॉर्वेजियन समुद्रापासून पश्चिम ग्रीनलंडपर्यंतच्या पाण्यात एक किंवा अधिक हिवाळे चरतो, आणि अखेर ज्या नदीत जन्मला त्याच नदीत, पुष्कळदा त्याच ओढ्यात, परत येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती पुन्हा खडीने झाकते. यानंतर बहुतेक मासे मरतात. थोडे कृश होऊन समुद्राकडे वळतात, त्यांना ‘केल्ट’ म्हणतात, आणि त्यांतले अगदी मोजके पुन्हा एकदा नदी चढतात.

परतीच्या या वाटेवर गळ कधी टाकावा, याचे पंचांग नदीगणिक वेगळे आहे. टे नदीवर हंगाम १५ जानेवारीला उघडतो आणि १५ ऑक्टोबरला संपतो; स्पेवर तो ११ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर असतो; दक्षिणेकडच्या ट्वीडवर १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर. १८६२ च्या कायद्याने प्रत्येक नदीक्षेत्रासाठी वर्षातून किमान १६८ दिवसांचा बंद काळ ठरवून दिला, मात्र त्याच्या दोन्ही टोकांचे काही आठवडे जाळ्यांना बंद आणि गळाला मोकळे ठेवण्याची सोयही केली. आरंभाचा थाट मोठा असतो: टे नदी जेथे सरोवरातून बाहेर पडते त्या केनमोर गावी बॅगपाइपच्या घोषात मिरवणूक निघते आणि होडीवर व्हिस्की शिंपडून तिला शुभेच्छा दिल्या जातात. समारोपाचा तसा गाजावाजा सहसा होत नाही. त्या सुमारास नदीत जे मासे असतात त्यांचे रूपेरी अंग तांबूस-तपकिरी पडलेले असते, माद्या अंड्यांनी जड झालेल्या असतात, आणि नरांचा खालचा जबडा पुढे वाढून वर वळलेला असतो. शिकाऱ्याने वर्षभर ज्याच्या तोंडात आकडा अडकवण्याचा प्रयत्न केला, तो मासा अखेर स्वतःच्या जबड्याचाच आकडा करून समोर येतो, यात निसर्गाने थोडी थट्टा केली आहे असे वाटल्यास नवल नाही.

भाष्यातील चतुर्दशी आणि टे नदीवरचा १५ ऑक्टोबर यांत एक मूलभूत फरक आहे. चतुर्दशीचा माशाशी काही संबंध नाही. ती मारणाऱ्याच्या धर्मजीवनातली तिथी आहे, आणि त्या दिवशी वाचलेला मासा अमावास्येला सापडला तरी व्रताला बाध येत नाही. उलट हंगामाच्या शेवटाची तारीख माशाच्या प्रजननाकडे बघून ठरवलेली आहे. काळाची मर्यादा दोन्हीकडे आहे, पण एकीकडे तो काळ मारणाऱ्याचा आहे आणि दुसरीकडे ज्याला मारायचे त्याचा. व्यासभाष्य हा भेद करत नाही, आणि त्याच्या दृष्टीने तो करण्याचे कारणही नव्हते, कारण तेथे प्रश्न साधकाच्या चित्तशुद्धीचा आहे, माशांच्या संख्येचा नाही.

तरीही हे दोन काळ इतिहासात नेहमीच वेगळे राहिले असे नाही. अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवून घेतलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि तिच्यासोबत दिवसांचीही: तिन्ही चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, पक्षसंधीचे आणि उपोसथाचे दिवस, ज्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. ही शुद्ध कालावच्छिन्न अहिंसा, आणि तीही लादलेली. स्कॉटलंडच्या मध्ययुगीन कायद्यात याचे एक विलक्षण भावंड सापडते. तेथे सॅमन धरण्यासाठी नदीत आडवे बांध घालून त्यांत पिंजऱ्यासारखी खोकी बसवत. या बांधांना शनिवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सूर्योदयापर्यंत वाट मोकळी ठेवावी लागे, जेणेकरून रविवारी मासे निर्वेध वर चढावेत. ही मोकळीक प्रभूच्या विश्रांतीच्या दिवसाचा मान म्हणून होती की वरच्या अंगाच्या लोकांनाही मासे मिळावेत म्हणून, असा प्रश्न विचारणे आधुनिक मनाला सुचते. त्या काळच्या कायदा करणाऱ्याला ही दोन कारणे वेगळी वाटत असतील असे मानायला फारसा आधार नाही. आजही स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमनसाठी गळ टाकणे बेकायदा आहे, ट्राउट माशासाठी टाकणे मात्र नाही. ईश्वराने सातव्या दिवशी विश्रांती घेतली ती केवळ सॅमनपुरती होती काय, असा विनोद या तरतुदीवर सहज करता येतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून नव्या हंगामाकडे वळतो. तेथेही शासनाचा काळ, माशांचा काळ आणि देवाचा काळ एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की कोणता कोणासाठी आहे हे सांगणे कठीण.

लादलेल्या संयमाला नैतिक मोल किती, या प्रश्नावर इमॅन्युएल कांटचे उत्तर ठाम आहे: नियमाशी जुळणारे वर्तन आणि नियमाविषयीच्या आदरातून झालेले वर्तन या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि मोल दुसऱ्यालाच आहे. दंडाच्या भीतीने १६ ऑक्टोबरला घरी बसणारा या कसोटीवर उतरत नाही. पण स्कॉटलंडच्या नद्यांवर गेल्या काही दशकांत असे काही घडले आहे की ज्यामुळे हे उत्तर अपुरे पडते. २०१६ पासून तेथे नद्यांची प्रतवारी करून, जेथे साठा कमी तेथे धरलेला सॅमन परत सोडणे सक्तीचे करण्यात आले. परंतु जेथे मासा ठेवून घेण्याची परवानगी आहे तेथेही गळ टाकणारे बहुतेक मासे आपण होऊन सोडून देतात, आणि देशभराचा हिशेब घेतला तर दर दहा माशांतले नऊहून अधिक पाण्यात परत जातात. म्हणजे कायद्याने मागितले त्यापलीकडचा त्याग स्वेच्छेने केला जातो. कांटच्या वाचकाला येथे समाधान वाटावे, आणि नेमक्या याच ठिकाणी योगभाष्याचा वाचक अस्वस्थ होतो.

या अस्वस्थतेचे मूळ भाष्यातच थोडे पुढे आहे. हिंसेची कारणे सांगताना व्यास तीन देतात: लोभ, म्हणजे मांस आणि चामड्यासाठी केलेली हिंसा, क्रोध, म्हणजे याने माझा अपकार केला म्हणून केलेली, आणि मोह, म्हणजे हिच्यातून मला धर्म घडेल अशा समजुतीने केलेली. मासा धरून सोडून देणाऱ्याला मांस नको आहे. माशाने त्याचा काही अपकार केलेला नाही. यज्ञातल्या पशुवधासारखे पुण्य मिळेल असेही त्याला वाटत नाही. तो हे खेळ म्हणून करतो, आणि क्रीडेसाठी केलेल्या हिंसेला भाष्यकाराने स्वतंत्र रकानाच ठेवलेला नाही. टीकाकार ती मोहात ढकलतील हे उघड आहे. पण भुकेपोटी मारणाऱ्याच्या कृतीला जे एक साधे समर्थन होते, ते मासा सोडल्याबरोबर नाहीसे होते आणि मागे उरते ते फक्त माशाचे झुंजणे व माणसाचे सुख, ही गोष्ट कोणत्याही वर्गीकरणाने झाकत नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉझलिन संस्थेतील संशोधनातून २००३ साली ट्राउट माशाच्या डोक्यात व ओठांभोवती इजेची संवेदना टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. त्या संवेदनेला वेदना म्हणावे का यावर वाद चालू आहे, पण गळ नेमका तेथेच रुततो यावर वाद नाही. स्वित्झर्लंडने याच विचाराने २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत, सोडून देण्याच्या उद्देशाने मासा धरण्यालाच मनाई केली. एका देशात जे व्रत, ते दुसऱ्या देशात गुन्हा.

या प्रकरणात आणखी एक तपशील महाराष्ट्राच्या वाचकाला जवळचा वाटेल. सॅमनला फसवण्यासाठी आकड्यावर पिसे, केस आणि रेशीम बांधून जी कृत्रिम माशी तयार करतात, तिच्या एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित नमुन्यांत, उदाहरणार्थ ‘जॉक स्कॉट’मध्ये, राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट ठिपक्यांची पिसे लागत. हा पक्षी सह्याद्रीच्या आणि दक्षिणेच्या जंगलांतला. स्पे किंवा टेच्या काठावर ज्या काळात माशाचा विणीचा काळ कायद्याने राखला जाऊ लागला, त्याच काळात पश्चिम घाटातल्या या कोंबड्याची पिसे परदेशी जात होती. ब्रिटिश हिंदुस्थानातून पक्ष्यांची पिसे निर्यात करण्यावर बंदी आली ती १९०२ साली. देशाने वेढलेल्या अहिंसेचे व्यासांचे उदाहरण तीर्थक्षेत्राचे आहे. स्वतःच्या नदीला तीर्थ मानून परक्या रानाला न मानणे हा त्याच उदाहरणाचा साम्राज्यकालीन विस्तार म्हणावा लागेल.

सॅमनच्या बाबतीत फसवणुकीला एक जादा पदर आहे, कारण समुद्रातून नदीत शिरल्यावर हा मासा खाणे बंद करतो. महिनोन्‌महिने तो अंगातल्या साठ्यावर जगतो, म्हणजे गळ टाकणारा उपाशी प्राण्यापुढे आमिष धरत नसून उपवास करणाऱ्यापुढे धरतो. मग तो तोंड का उघडतो? चिडून, कुतूहलाने, की लहानपणी याच पाण्यात किडे टिपल्याच्या जुन्या सवयीने, याविषयी अनेक मते आहेत, आणि कोणतेही पूर्णपणे सिद्ध झालेले नाही. या अज्ञानावरच गळवाल्यांच्या विनोदाची इमारत उभी आहे. पाणी फार चढले, फार उतरले, फार गढूळ झाले, फार निवळले, वारा पूर्वेकडून आला: मासा न मिळण्याची कारणे मोजता येत नाहीत, आणि मिळण्याचे कारण मात्र एकच, ते म्हणजे धरणाऱ्याचे कौशल्य. नदीवरचा ‘गिली’, म्हणजे पाहुण्याला जागा, माशी आणि होडी यांबाबत मार्गदर्शन करणारा पगारी जाणकार, हे सर्व शास्त्र गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो, आणि त्याच्या पगारातला बराच भाग या गांभीर्यासाठीच असावा.

आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या छंदावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात या छंदाला चिंतनशील माणसाचा विसावा मानले आणि येशूच्या पहिल्या शिष्यांत मच्छीमार होते याचा दाखला देऊन त्याला जवळपास धर्मकृत्याची प्रतिष्ठा दिली. बायरनला ही भक्ती असह्य झाली. ‘डॉन जुआन’च्या तेराव्या सर्गात त्याने त्या म्हाताऱ्याच्याच घशात आकडा अडकावा आणि एखाद्या लहानशा ट्राउटने तो ओढावा, अशी इच्छा व्यक्त केली. गळवाल्यांनी बायरनला उत्तर दिले नाही असे नाही, पण त्यांचे खरे उत्तर त्यांच्या थापांमध्ये आहे. यमांतला दुसरा यम सत्य. त्याची व्याख्या करताना व्यासभाष्य म्हणते की वाणी ऐकणाऱ्याला फसवणारी, भ्रमात टाकणारी किंवा काहीच न कळवणारी नसावी. सुटून गेलेल्या माशाची दर वर्षी वाढत जाणारी लांबी सांगणारा या व्याख्येने खोटे बोलतो का? ऐकणाऱ्याला ती लांबी खोटी आहे हे ठाऊक असते, सांगणाऱ्याला ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे हेही ठाऊक असते, आणि फसवले कोणीच जात नाही. या माणसाची एकच थाप गंभीर आहे, ती म्हणजे पिसांची माशी, आणि ती तो माणसांना नव्हे तर माशाला सांगतो. माणसांपुढच्या थापांत तो स्वतःच्याच फजितीची जी अतिशयोक्ती करतो, तिच्यात त्या पहिल्या थापेची अर्धवट कबुली आहे, असे म्हणण्याला जागा आहे.

परंतु थापांच्या या संस्कृतीत खऱ्याची काय गत होते, याचे उत्तम उदाहरण जॉर्जिना बॅलंटाइन यांचे आहे. त्यांनी ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर ग्लेनडेल्व्हिन येथे, वडील होडी सांभाळत असताना, दोन तासांहून अधिक झुंजीनंतर ६४ पौंडांचा सॅमन काढला, आणि ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅमनचा तो विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही. त्या माशाची प्रतिकृती पर्थ येथील दुकानाच्या काचेमागे ठेवलेली असताना त्या गर्दीत उभ्या राहिल्या, आणि पुढे उभे असलेले दोन वृद्ध, कोणा बाईने एवढा मासा काढणे शक्यच नाही, ही शुद्ध थाप आहे, असे एकमेकांना सांगत असलेले त्यांनी ऐकले, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. वृद्धांचा संशय पुरुषी होता हे खरेच; पण सुटलेल्या माशांच्या कथांवर ज्यांचे आयुष्य गेले त्यांना धरलेला मासा थाप वाटावा, यातला न्याय काही औरच आहे.

हंगामाच्या अखेरीस काठावरच्या बैठकांत माशांच्या कथांबरोबर जी दुसरी गोष्ट हटकून येते ती म्हणजे जुने संगीत, आणि तिचा नद्यांशी असलेला संबंध केवळ योगायोगाचा नाही. ‘स्ट्रॅथस्पे’ हा स्कॉटिश नृत्यसंगीताचा प्रकार स्पे नदीच्या खोऱ्याच्या नावानेच ओळखला जातो. त्याची लय चार मात्रांची आणि संथ, पण त्यात आखूड स्वरामागून लांब स्वर असा एक झटका वारंवार येतो, आणि त्या झटक्यानेच तो ओळखू येतो. स्पेच्या मुखाजवळ फोकाबर्स येथे जन्मलेला विल्यम मार्शल (१७४८–१८३३) गॉर्डनच्या ड्यूककडे नोकरी करता करता या प्रकाराचा मोठा रचनाकार झाला. टेच्या काठी डंकेल्डजवळच्या इन्व्हर येथे राहणारा नील गाऊ (१७२७–१८०७) हा त्याच्याही आधीचा. दुसऱ्या पत्नीच्या मृत्यूनंतर त्याने रचलेली शोकधून आजही स्कॉटलंडच्या व्हायोलिनवादकांच्या हातात असते. डी नदीकाठच्या बँकरी येथे जन्मलेला जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) ध्वनिमुद्रणाच्या काळापर्यंत पोहोचला, म्हणून त्याचा गज प्रत्यक्ष कसा चाले हे आजही ऐकता येते, आणि खरखरीतून येणाऱ्या त्या आवाजाने हळवे न होणारे लोक थोडे.

या हळवेपणाचे तत्त्वज्ञान मात्र स्कॉटलंडमध्ये नव्हे, स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घराच्या ओढीला प्रथमच रोगाचे नाव आणि लक्षणे दिली. पुढे परदेशी सैन्यांत नोकरी करणाऱ्या स्विस शिपायांत हा रोग बळावतो अशी समजूत रुजली, आणि गुराख्यांची एक विशिष्ट धून ऐकून शिपाई रडतात, पळून जातात, म्हणून ती वाजवण्यास मनाई होती, असे रूसोने आपल्या संगीतकोशात नोंदवले. रूसोचे निरीक्षण असे की त्या धुनीत संगीत म्हणून काही विशेष नाही. ती संगीत म्हणून काम करत नसून स्मृतीची खूण म्हणून करते. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात काळाचे स्वरूप समजावताना पाठ असलेल्या स्तोत्राचे उदाहरण घेतले आहे: म्हणायला सुरुवात करण्यापूर्वी सगळे स्तोत्र अपेक्षेत असते, एकेक शब्द उच्चारला जातो तसतशी अपेक्षा आखूड आणि स्मृती लांब होत जाते, आणि शेवटी सगळेच स्मृतीत जाते. जानेवारीत उघडलेला हंगाम ऑक्टोबरात नेमका याच रीतीने संपतो, आणि तेव्हा वाजणारी जुनी धून रूसोच्या अर्थाने खूण असते. प्रश्न इतकाच की ती माशाची खूण असते की गळवाल्याच्या स्वतःच्या तारुण्याची.

हा प्रश्न सॅमनच्या अभ्यासात एका अनपेक्षित वाटेने शिरलेला आहे. आर्थर हॅस्लर हा अमेरिकन शास्त्रज्ञ १९४६ साली युटामधल्या आपल्या बालपणीच्या डोंगरांत फिरत असताना, धबधब्याजवळच्या शेवाळाच्या आणि रानफुलांच्या वासाने त्याच्यापुढे विसरलेले लहानपण एकाएकी उभे राहिले, आणि सॅमन घर शोधतो तो असाच वासाच्या स्मृतीने शोधत असावा, ही कल्पना त्याला सुचली. वॉरन विस्बीबरोबर त्याने १९५१ साली माशांना ओढ्यांचे वास वेगळे ओळखता येतात हे दाखवले. पुढे पॅसिफिक जातीच्या सॅमनच्या पिलांना विशिष्ट रसायनाच्या वासाची सवय लावल्यावर मोठेपणी ते मासे तोच वास सोडलेल्या नदीकडे वळतात, हेही प्रयोगांत दिसले. होफरने जिला रोग ठरवले ती ओढ सॅमनमध्ये जगण्याची रीत आहे. फरक हा की सॅमनची स्मृती त्याला खरोखर घरी नेते, आणि माणसाची त्याला फार तर बैठकीतल्या खुर्चीपर्यंत नेते.

तथापि या हळवेपणाला निव्वळ आत्मरंजन म्हणून बाजूला सारता येत नाही. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली असे दाखवून दिले की संशोधकांची प्रत्येक पिढी स्वतःच्या उमेदवारीच्या काळातला साठा हाच मूळ साठा मानते, त्याच्याशी तुलना करून घट मोजते, आणि त्यामुळे पिढ्यांमागून पिढ्या होत गेलेला ऱ्हास कोणाच्याच नजरेत भरत नाही. यावर उपाय म्हणून जुन्या आठवणी आणि किस्से यांनाही पुराव्याचा दर्जा द्यावा, असे त्यांनी सुचवले. येथे गळवाल्यांच्या विनोदाची परिणती गंभीर होते. नद्या पूर्वी कशा भरून वाहत याचे साक्षीदार जे लोक, तेच थापाडे म्हणून जगभर प्रसिद्ध. त्यांनी खरे सांगितले तरी काचेपुढच्या त्या दोन वृद्धांसारखी आपली गत होते. सुदैवाने स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेल्या सॅमनच्या सरकारी नोंदी १९५२ पासून आहेत, आणि २०२३ चा आकडा त्या नोंदींतला तोवरचा सर्वांत कमी आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत अटलांटिक सॅमन ‘जवळपास संकटग्रस्त’ या वर्गात गेला, आणि ब्रिटनमधला साठा तर थेट ‘संकटग्रस्त’ ठरला. कारणे अनेक आहेत: समुद्र तापतो आहे, स्मोल्टपैकी फार थोडे परत येतात, नद्यांवर धरणे व बांध आहेत, किनाऱ्यालगतच्या पिंजऱ्यांतल्या पाळीव सॅमनपासून उवांसारखे परजीवी पसरतात. यांपैकी एकाही कारणावर १५ ऑक्टोबरला काठी बांधून ठेवण्याचा काही परिणाम होत नाही.

म्हणून हंगामाच्या शेवटाला क्षुल्लक म्हणावे, असा निष्कर्ष कोणी काढील. तो योग्य वाटत नाही. माशाच्या काळाने स्वतःचा काळ बांधून घेणे ही चतुर्दशीच्या व्रताहून निराळी गोष्ट आहे, कारण तिच्यात मारणाऱ्याला दुसऱ्या प्राण्याच्या जन्म-मरणाचे पंचांग शिकावे लागते, आणि ज्याने ते शिकून घेतले त्याला समुद्रातल्या पिंजऱ्यांकडे आणि नदीतल्या बांधांकडे डोळेझाक करणे अवघड जाते. स्कॉटलंडमध्ये त्या प्रश्नांवर सर्वांत मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांत गळवाल्यांच्या संस्था आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. पण अशा व्रतात एक अट गुंतलेली आहे: माशाचा काळ बदलला की तारीखही बदलावी लागते, आणि तारखा बदलायला माणसे नाखूश असतात. टेवर १५ ऑक्टोबरला काठी बांधणारे काहीजण पुढच्या आठवड्यात ट्वीडवर उभे असतात, कारण तेथे ३० नोव्हेंबरपर्यंत मुभा आहे. कालावच्छिन्न व्रताला सापडलेली ही देशावच्छिन्न पळवाट व्यासांच्या यादीत नाही. ट्वीडवर मात्र माशांच्या आवकीचा मुख्य ऋतू गेल्या दोन शतकांत वसंताकडून शरदाकडे आणि शरदाकडून वसंताकडे असा सरकत आलेला आहे, आणि अलीकडच्या वर्षांत शरदातली आवक बरीच घटली आहे, तेव्हा टेवरून आलेला हा पाहुणा नोव्हेंबर संपेपर्यंत कायदेशीरपणे, आशेने आणि बहुधा रिकाम्या हाताने गळ टाकत राहतो.